भीड भिकेची बहीण

तीन वर्षांपूर्वी लास वेगासला एका परिषदेसाठी तीन रात्री राहिलो. निघताना बिल हाती आले, तर खोलीभाड्याखाली रोजची 45 डॉलर 'रिसॉर्ट फी'! कशासाठी? जिम आणि पोहण्याचा तलाव. तलाव मी पाहिलाही नव्हता. मागे रांग होती, म्हणून मुकाट्याने कार्ड पुढे केले. विद्यापीठाने ते 135 डॉलर काही परत दिले नाहीत.

तुमचेही असे झाले असेल. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारे आपण इथल्या काउंटरपुढे गप्प होतो. चारचौघांत वाद कशाला, लोक कंजूष म्हणतील! ही वसुली आपल्या याच भिडेवर चालते.

'आता नियम झालाय ना?' झालाय. 12 मे 2025 पासून फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार हॉटेलांना सक्तीचे शुल्क धरूनच दर दाखवावा लागतो. पण मनाई शुल्क लपवण्याला आहे, आकारण्याला नाही.

म्हणून बुकिंग करताना दिसलेल्या एकूण दराचा स्क्रीनशॉट ठेवा. निघायच्या आदल्या रात्रीच बिल मागून ओळीओळीने वाचा. तलाव बंद होता, वायफाय चालत नव्हते, तर शुल्क कमी करायला सांगा. काउंटरवरच्या पोरावर आवाज चढवू नका, दर त्याने ठरवलेला नसतो, मॅनेजरला बोलवा. दाखवलेल्या दरापेक्षा जास्त घेतले, तर कार्ड कंपनीकडे तक्रार करा.

स्वतःच्या पैशाचा हिशेब मागणे म्हणजे कंजूषपणा नव्हे. तो न मागणे हा मोठेपणाही नव्हे.