जॅक्सन म्हणजे नक्की कोण?

जॅक्सन हे आडनाव उच्चारले की माझ्या पिढीला नाशिकचा कलेक्टर आठवतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हाच जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता आणि इथल्या लोकसमजुतींची टिपणे जमवत होता, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. मुलांच्या पिढीला विचाराल तर ती मायकल जॅक्सनचे नाव घेईल. १९९६ साली तो मुंबईत नाचून गेला तेव्हा केवढी झुंबड उडाली होती!

अर्थ साधाच. जॅकचा मुलगा तो जॅक्सन. आता इंग्लंडात जॅक काय थोडे होते? तेव्हा सगळे जॅक्सन एका कुळातले, असे समजायचे कारणच नाही.

अमेरिकेत तर या आडनावाची कथा आणखी वेगळी. सातवे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन स्वतः गुलामांचे मालक. मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनींवरून हुसकावणाऱ्या १८३० च्या कायद्यावर सही त्यांचीच. पुढे १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. मुक्त झालेल्यांपैकी कुणी जुन्या मालकाचे आडनाव ठेवले, कुणी आपल्या पसंतीचे घेतले. २०१० च्या तिथल्या जनगणनेत जॅक्सन आडनावाचे निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय होते! १९६३ साली वॉशिंग्टनच्या विराट सभेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाआधी गायल्या त्या महेलिया जॅक्सन. आणि २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयातली पहिली कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश झाल्या त्या केटांजी ब्राउन जॅक्सन. त्यांचे आडनाव पतीकडचे, आणि पती गोरे.

मग सांगा, नुसत्या 'जॅक्सन'वरून माणसाचे काय कळले? रंगसुद्धा कळला नाही!

आपल्याकडे मात्र नवा माणूस भेटला की दुसराच प्रश्न, "आडनाव काय आपलं?" तो प्रश्न बहुधा जातीचा असतो, हे विचारणाऱ्यालाही कळते आणि सांगणाऱ्यालाही. त्या उत्तरावर भाड्याची खोली मिळते किंवा मिळत नाही. वर्गात मी मुलांना पहिल्या नावानेच हाक मारत असे, ते एवढ्याचसाठी. आडनाव पत्रावर पत्ता लिहायला उपयोगी. पत्रात काय आहे ते पाकीट उघडल्याशिवाय कळत नाही. मला वाटते, तेवढे कष्ट आपण घ्यावेत.