समाधानी कोण?

सरकारी शेती योजनांबद्दल शेतकरी समाधानी आहेत का, याच्या पाहण्या होत असतात. पाहणी करणारा दारात येऊन विचारतो, ‘मालक आहेत का घरात?’ नसतील तर पुढच्या घरी जातो. कांद्याची खुरपणी करून नुकतीच घरी आलेली बाई आत असते. तिला कुणी विचारत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात कोपरगाव-राहात्याचा पाटपाण्याचा भाग असो की पाथर्डी-जामखेडचा कोरडवाहू. लावणी, खुरपणी, काढणी हे बहुतेक बायकांचेच काम. योजना मात्र सातबारा बघते. २०१९ पासून पीएम-किसानचे वर्षाला ६००० रुपये खातेदाराच्या नावे येतात. २०२३ मध्ये राज्याने ‘नमो शेतकरी’तून तेवढेच आणखी देऊ केले, तेही त्याच वाटेने. ठिबकचे अनुदान हवे तर जमीन नावावर हवी. २०२५ मध्ये सक्तीचा झालेला शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या नोंदीलाच जोडलेला. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांत बायका निघाल्या जेमतेम १४ टक्के!

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला. पण बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतले जाते, विधवेचे नाव ‘इतर हक्का’च्या रकान्यात ढकलले जाते. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. १९९२ मध्ये शासनानेही निर्णय काढून बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. मात्र अर्ज करायचा नवऱ्याने! म्हणजे तिचा हक्क त्याच्या मर्जीवर.

अनुदान वेळेवर मिळत नाही, ही शेतकरी पुरुषांची तक्रार खरीच आहे. पण तक्रार करण्यासाठीही आधी शेतकरी म्हणून नाव लागलेले असावे लागते. ज्यांचे नावच नाही, त्यांचे असमाधान कोणत्या रकान्यात लिहिणार?

मैत्रिणींनो, ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. पुढच्या महिला सभेत एवढेच करू या : प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा आणावा, तो मोठ्याने वाचावा, आणि किती जणींची नावे निघतात ते मोजावे. तलाठ्याकडे जायचे ते ही यादी हातात घेऊन. आपल्या जिल्ह्याला आता अहिल्याबाईंचे नाव आहे. त्याच जिल्ह्यातल्या कष्टकरी बाईचे नाव सातबाऱ्यावर केव्हा येणार?