खिळ्याविरुद्ध एक फिर्याद

खिळ्याशी माझं व्यक्तिशः वैर नाही. कॅलेंडर, छत्री आणि सदरा टांगायला त्याच्यासारखा इमानी नोकर मिळणार नाही. पण खुर्चीची लाकडं एकमेकांना धरून ठेवायचं काम ज्या दिवशी आपण त्याच्यावर सोपवलं, त्या दिवसापासून मध्यमवर्गीयांची प्रतिष्ठा खाली बसली. आमच्याकडे तर ती व्याह्यांसकट बसली.

खुर्ची नवी, चकचकीत पॉलिशची. व्याही चहाचा कप घेऊन जरा मागे रेलले. ‘कर्र’ असा आवाज झाला आणि त्यापुढचं आमचं संभाषण दोन निरनिराळ्या पातळ्यांवरून सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी जुन्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी मोडका पाय उलटसुलट करून पाहिला.

“तीन खिळे आणि गोंद. सांधा कुठाय, साहेब?”

“हाच ना?”

“हा सांधा? ही नुसती भेट झाली!”

खुर्चीत मागे रेललं, की सगळा जोर मागचा पाय आणि बैठकीची पट्टी मिळतात तिथे येतो. पायातून पट्टीच्या टोकात ठोकलेला खिळा लाकडाच्या रेषांना समांतर शिरतो. रेषा नुसत्या बाजूला सरतात, त्याला घट्ट धरून ठेवीत नाहीत. जुनी रीत निराळी. पायाला चौकोनी भोक आणि पट्टीच्या टोकाला त्यात नेमकी बसणारी जीभ. जीभ लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. जाड केली तर भोकाच्या भिंती पातळ होतात, बारीक केली तर जीभच तुटते. वर आडवी लाकडी खुंटी. तिचं जिभेतलं भोक मुद्दाम किंचित सरकवून पाडायचं, म्हणजे खुंटी ठोकताना जीभ आपोआप आत ओढली जाते. जर्मनीत लाइपझिगजवळ ७००० वर्षांपूर्वीच्या विहिरी सापडल्या. त्यांची ओकची लाकडं अशाच जिभा घालून, पाचर मारून जोडली होती. त्या लोकांना लोखंड ठाऊक नव्हतं. बहुधा म्हणूनच त्यांचं काम टिकलं!

शिवाय लाकूड हलतं. पावसाळ्यात ते रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. लांबीत मात्र जवळजवळ नाहीच. म्हणून दाराच्या चौकटीतली फळी खाचेत मोकळी ठेवतात, तिला गोंदसुद्धा लावीत नाहीत. तीच फळी खिळ्यांनी चहूकडून जखडली, की एक दिवस मधोमध तडकते. माणसाचंही याहून वेगळं नसावं, पण तो विषय आमच्या घरात काढायचा नसतो.

“अहो, पण बदलीच्या नोकरीत असलं फर्निचर कोण नाचवणार?” असं आमचे शेजारी विचारतात. कबूल! पलंग सुटा करायला बोल्ट हवेतच. पण भुशाच्या फळीतला स्क्रू एकदा काढला, की पुन्हा पहिल्यासारखा धरत नाही. म्हणजे जे फर्निचर बदलीसाठी घ्यायचं, तेच दुसऱ्या बदलीला कुरकुरतं.

तरीही खरी फिर्याद खिळ्यावर नाही, आपल्यावर आहे. आपण पॉलिशवरून हात फिरवतो आणि भाव विचारतो. सुतार म्हणाला, “एका सांध्याला तास लागतो,” की आपण त्या तासात घासाघीस करतो. काकांना मी सहज विचारलं, “मुलगा हेच काम करतो ना?”

“करतो की. दुकानाला खुर्च्या पुरवतो.”

“सांध्याच्या?”

“खिळ्यांच्या. शिकवले होते सगळे सांधे, चांगला हात होता त्याचा. पण दिसत नाही त्याचे पैसे कोण देतं?”

मी पटाशीकडे बघत राहिलो. घासाघीस करायला नेहमी माझीच जीभ पुढे असायची. त्या दिवशी मात्र काकांनी सांगितलेल्या भावात दोन खुर्च्या करायला दिल्या.

परवा व्याही आले. नव्या खुर्चीकडे त्यांनी एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सतरंजीवर बसले. शेवटी खुर्ची उलटी करून मी त्यांना एकेक सांधा दाखवला, तेव्हा कुठे वर आले.

तुम्हीही दुकानात गेलात, की खुर्ची आधी उलटी करा. मालक विचारील, “काय हरवलं, साहेब?” सांगा, “सांधा!”