पंप बंद झाला, टाकी निघाली. पण शेजारच्या विहिरीचं काय?

कर्जत/खालापूर : जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून असलेल्या जागांना सध्या चांगला भाव आहे. चौक, खालापूर, खोपोली असो की कर्जतकडचा रस्ता, घेणारा सातबारा बघतो, एनए बघतो, रस्ता बघतो. जमिनीच्या पोटात पूर्वी काय होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. एखाद्या जागेवर आधी पेट्रोल पंप किंवा बंद कारखान्याची डिझेलची टाकी असेल, तर हा प्रश्न फक्त घेणाऱ्याचा राहत नाही. शेजारी ज्यांची विहीर आहे, त्यांचाही तो आहे.

पंपाची एक टाकी साधारण २० हजार लिटरची असते. जुन्या टाक्या लोखंडी, एकपदरी. ओल्या मातीत वर्षानुवर्षं राहून त्या गंजतात, पाईपचे सांधे सैल होतात. रोज थोडंथोडं गळलं तर डिपच्या काठीवर ते पटकन कळत नाही, कारण पेट्रोल तसंही उडतं आणि उन्हा-थंडीत कमीजास्त होतं.

गळालेलं पेट्रोल मुरमातून खाली जातं आणि पाण्यावर तरंगतं. त्यातलं बेंझिन पाण्यात विरघळतं. हे रसायन रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का असतं, पूर्वी यापेक्षा जास्त चालायचं. हिशोब केला तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन आठ लाख लिटरहून जास्त पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. म्हणजे १० हजार लिटरचे ८० टँकर. सगळं बेंझिन पाण्यात उतरत नाही हे खरं, पण अंदाज यावा. शिवाय देशात शिसेविरहित पेट्रोल सगळीकडे २००० साली आलं. त्याआधीच्या टाक्यांभोवती मातीत शिसंही सापडू शकतं.

मुरलेलं पेट्रोल विहिरीपर्यंत पोचतं का? २०२१ मध्ये फलटण तालुक्यातल्या सासवडला चोरांनी इंधनाची पाईपलाईन फोडली, तेव्हा शेतातल्या विहिरीत पेट्रोल उतरलं होतं. चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये २०१३ साली पाईपलाईन गळली आणि लोकांच्या बोअरमधून तेलमिश्रित पाणी आलं. या दोन्ही पाईपलाईन होत्या, टाक्या नव्हत्या. पण जमिनीखाली गेल्यावर पेट्रोलची वाट तीच.

प्रत्येक जुन्या पंपाखाली विष आहे, असंही नाही. मातीतले जिवाणू बेंझिन हळूहळू खातात, बऱ्याचदा ते लांब जात नाही. आपल्याकडची अडचण काळ्या कातळाची आहे. मुरमाखाली पाणी कातळाच्या भेगांतून वाहतं आणि भेग कुठे निघेल सांगता येत नाही. लगतची बोअर स्वच्छ आणि लांबची खराब, असंही होतं. त्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पावसाळ्यात पाणी वर येतं, मे महिन्यात खोल जातं आणि प्रत्येक वेळी तेल मातीला चोपडत जातं. म्हणून एकदाच तपासणी करून भागत नाही. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळा पाणी बघायला हवं.

तपासणी म्हणजे नुसती बाटली भरणं नव्हे. टाकीभोवती भोकं पाडून वेगवेगळ्या खोलीची माती घ्यायची, किमान तीन निरीक्षण बोअर मारून पाणी कुठल्या दिशेला वाहतं ते ठरवायचं, वरच्या बाजूचं पाणीही तुलनेला घ्यायचं. नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ, बुडबुडा न ठेवता, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायचा. प्लास्टिकच्या बाटलीत दोन दिवस ठेवलेल्या पाण्यातलं बेंझिन वाटेतच उडून जाईल आणि अहवाल ‘स्वच्छ’ येईल.

इथेच गावं फसतात. जलजीवन मिशनच्या किटवर गावातल्या महिला पाणी तपासतात. त्यात आम्लता, क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराईड, लोह कळतं. पेट्रोल कळत नाही. वास नाही म्हणून पाणी चांगलं, हेही धरून चालू नये. वास येत असेल तर ते पाणी उकळूनही वापरू नये, कारण बेंझिन वाफेबरोबर घरातच पसरतं.

टाक्यांचा परवाना नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’ ही केंद्राची यंत्रणा देते. तिचा भर मुख्यतः आगीच्या धोक्यावर. भूजलाचं दुखणं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. गावकऱ्याला या दोघांत टोलवाटोलवी अनुभवायला मिळाली तर नवल नाही. मात्र जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आणले आहेत. त्यानुसार जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि खर्च दूषित करणाऱ्याकडून घ्यायचा. यादीत नावच नसेल तर पुढचं काही हलत नाही. ते नाव देण्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून, जागेच्या गट नंबरसह तहसीलदार आणि मंडळाच्या रायगड कार्यालयाला पाठवता येतो. पोच घ्यावी.

आणि वेळ महत्त्वाची. टाकी काढताना खड्डा दोन-चार दिवसच उघडा असतो. तळाची आणि बाजूंची माती तेव्हा सहज हाताला लागते. एकदा भराव पडला, वर काँक्रीट झालं, की तीच माती काढायला बोअरची गाडी आणावी लागते.