व्हेनिस : पाहण्यासाठी की राहण्यासाठी?

उन्हाळा जवळ आला की मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांतून युरोपच्या सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. बारा-पंधरा दिवसांत सहा-सात देश 'करावयाचे' असतात आणि त्यांत व्हेनिसच्या वाट्याला एक दिवस, बहुधा अर्धाच, येतो. सकाळी बोटीने सान मार्कोच्या धक्क्यावर उतरायचे, चौकात छायाचित्र काढायचे, काच फुंकण्याचे प्रात्यक्षिक पाहायचे, अर्धा तास गोंडोलात बसायचे आणि दिवस मावळण्यापूर्वी मुख्य भूमीवरील हॉटेलकडे परतायचे. याला 'पैसे वसूल होणे' म्हणतात. परंतु वसुली कोणी केली आणि कोणाकडून केली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारणे अगत्याचे आहे. कारण ज्या शहरात सामान्य माणसाला राहता येत नाही, ते शहर पाहण्याजोगेही फार काळ उरत नाही. व्हेनिसची भेट सार्थकी कशी लावावी, हा प्रश्न म्हणूनच अखेरीस व्हेनिसमधील घरांचा प्रश्न ठरतो.

श्रमातून उभे राहिलेले शहर

व्हेनिस हे निसर्गाचे देणे नव्हे आणि कवींचे स्वप्नही नव्हे. एड्रियाटिक समुद्रालगतच्या खाजण सरोवरातील शंभराहून अधिक बेटांवर, चिखलात लाकडी खांब ठोकून, त्यांवर दगडाचे पाये रचून ते बांधले गेले. तेथे पाणी हेच रस्ते आणि पाणी हेच तट. नद्यांच्या गाळाने सरोवर बुजले तर शहर संपेल, हे तेथील प्रजासत्ताकाने ओळखले होते. १५०१ मध्ये जलव्यवस्थेसाठी स्वतंत्र अधिकारमंडळ नेमण्यात आले आणि पुढील काळात ब्रेन्ता, पियावे यांसारख्या नद्यांचे प्रवाह वळवून सरोवराबाहेर नेण्यात आले. आर्सेनाले ही राज्याच्या मालकीची गोदी. तेथे हजारो कारागीर ठराविक क्रमाने, ठराविक जागी काम करीत आणि जहाजांचे सुटे भाग तयार ठेवीत. कारखानदारीचा उदय होण्यापूर्वी काही शतके संघटित श्रमाचे इतके प्रगत उदाहरण युरोपात क्वचितच आढळेल. तात्पर्य, ज्या सौंदर्यावर आज जग लुब्ध आहे, ते सार्वजनिक नियोजनाचे आणि सामूहिक श्रमाचे फळ आहे.

याचा अर्थ असा नव्हे की ते प्रजासत्ताक म्हणजे समाजवाद्यांचे आदर्श राज्य होते. १२९७ मध्ये तेथील महासभेची दारे काही कुलीन घराण्यांखेरीज इतरांना जवळजवळ बंद करण्यात आली. सान मार्को मंदिराच्या दर्शनी भागावर ज्यांच्या प्रतिकृती दिसतात ते ब्राँझचे घोडे म्हणजे १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये केलेली लूट होय. १५१६ मध्ये ज्यूंना एका बेटावर वेगळे राहण्यास भाग पाडण्यात आले आणि 'घेट्टो' हा शब्द तेथूनच जगभर गेला. व्हेनिसच्या तिजोरीत मलबारच्या मिऱ्यांचा मोठा वाटा होता. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि मसाल्याच्या व्यापारावरील व्हेनिसच्या पकडीला पहिला मोठा हादरा बसला. हा सारा इतिहास गोंडोलाच्या अर्ध्या तासात सांगितला जात नाही, आणि तो न सांगण्यात धंद्याचे हित आहे.

रहिवासी गेले कोठे?

१९५१ मध्ये व्हेनिसच्या ऐतिहासिक भागात सुमारे १,७५,००० माणसे राहत होती. २०२२ मध्ये ही संख्या ५०,००० च्या खाली आली. २०२३ मध्ये नागरिकांच्या एका गटाने केलेल्या मोजणीत तर पर्यटकांसाठी उपलब्ध असलेल्या खाटांची संख्या रहिवाशांच्या संख्येहून अधिक भरली. वर्षाकाठी येणाऱ्या प्रवाशांची संख्या दोन ते तीन कोटींच्या दरम्यान असल्याचा अंदाज केला जातो आणि त्यांतील बहुसंख्य लोक रात्री मुक्काम न करताच परततात.

प्रारंभी लोक गेले ते ओलसर, जुनाट घरांना कंटाळून, नव्या नोकऱ्या व नवी घरे यांच्या शोधात मुख्य भूमीवरील मेस्त्रे व मार्गेरा येथे, हे खरे आहे. परंतु नंतरच्या स्थलांतराचे कारण निराळे आहे. अर्थशास्त्रात ज्याला 'खंड' म्हणतात, त्या संकल्पनेचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरीकडे शोधावे लागणार नाही. जागा मर्यादित; नवे बेट निर्माण करता येत नाही. त्या जागेला जी किंमत येते ती मालकाच्या कष्टांमुळे नव्हे, तर शेकडो वर्षांच्या सामाजिक श्रमामुळे. पण भाडे मात्र मालकाच्या खिशात जाते. एका शिक्षिकेला वा परिचारिकेला महिनाभर घर भाड्याने देऊन जे मिळते, ते प्रवाशांना रोजच्या बोलीवर देऊन काही दिवसांत मिळू लागले, की शिक्षिकेला घर सोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ती गेली की तिची मुले शाळेतून जातात, मग वाण्याचे दुकान जाते, चांभार जातो, त्यांच्या जागी मुखवटे आणि परदेशातून आयात केलेल्या 'स्थानिक' काचवस्तू येतात.

रिआल्तो पुलाजवळची एक इमारत या प्रक्रियेचा जणू लेखी पुरावाच आहे. मूळची ती जर्मन व्यापाऱ्यांची वखार. विसाव्या शतकात तेथे टपाल कचेरी होती. पत्र टाकावयास वा पैसे पाठवावयास कोणीही तेथे जाऊ शकत असे. पुढे ती खाजगी मालकीत गेली आणि २०१६ मध्ये तेथे चैनीच्या वस्तूंचे भव्य दुकान थाटण्यात आले. २०२५ मध्ये ते दुकानही बंद पडले. टपाल कचेरी गेली ती गेलीच. जुदेक्का बेटावरील एकोणिसाव्या शतकातील प्रचंड पिठाच्या गिरणीत २००७ पासून आलिशान हॉटेल आहे. मुंबईच्या गिरणगावाचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यावर भाष्याची गरज नाही.

'पण रोजगार मिळतो ना!'

पर्यटनाचा कैवार घेणारे येथे रोजगाराचा मुद्दा पुढे करतात. रोजगार मिळतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याला रोजगार मिळतो त्याला त्या शहरात राहता येते काय? हॉटेलातील खोल्या झाडणारी बाई आणि भांडी घासणारा स्थलांतरित मजूर पहाटे मुख्य भूमीवरून येतात व रात्री परततात. शहराला त्यांचे श्रम हवे असतात, शेजार नको असतो.

शिवाय केवळ रोजगाराच्या नावाने या प्रदेशाने याआधीही मोठी किंमत मोजलेली आहे. १९१७ मध्ये मार्गेरा येथे औद्योगिक बंदर उभारण्यास प्रारंभ झाला. ऐन भरात तेथे तीस हजारांच्या आसपास कामगार होते. कारखान्यांनी भूगर्भातील पाणी उपसले, शहर खचले. तेलवाहू जहाजांसाठी सरोवरात खोल कालवा खणला गेला. व्हिनाइल क्लोराइडच्या संपर्काने कामगार कर्करोगाने मरू लागले, तेव्हा त्या मृत्यूंची नोंद गाब्रिएले बोर्तोलोत्सो या कामगाराने चिकाटीने जमवली. १९९८ मध्ये खटला उभा राहिला. २००१ मध्ये आरोपी अधिकारी निर्दोष सुटले. २००४ मध्ये अपिलात त्यांपैकी पाच जण दोषी ठरले. नफा खाजगी आणि हानी सार्वजनिक, हे सूत्र कारखान्यांनी वापरले, तेच आज पर्यटन वापरीत आहे.

पाण्यापासून रक्षणाची कथाही अशीच आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी भरतीची पातळी १९४ सेंटिमीटरवर गेली आणि शहर बुडाले. उपाय म्हणून योजिलेल्या हलत्या दरवाज्यांचे काम खाजगी कंत्राटदारांच्या संघाकडे सोपविण्यात आले. बांधकाम २००३ मध्ये सुरू झाले. २०१४ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात महापौरांसह अनेकांना अटक झाली. दरम्यान १२ नोव्हेंबर २०१९ ला पाणी पुन्हा १८७ सेंटिमीटरपर्यंत चढले. आणि दरवाजे प्रथम उपयोगात आले ते ३ ऑक्टोबर २०२० रोजी. ते काम देतात, हे मान्य केले पाहिजे. पण १५०१ पासूनचा वारसा सांगणारे जलमंडळ मात्र २०१४ मध्ये बरखास्त झाले.

तिकिटाचा उतारा

आता नगरपालिकेने तिकिटाचा उतारा शोधला आहे. २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या निवडक दिवशी, मुक्काम न करणाऱ्या प्रवाशांकडून पाच युरो घेण्यास सुरुवात झाली. २०२५ मध्ये असे ५४ दिवस ठरविण्यात आले आणि आयत्या वेळी येणाऱ्यास दहा युरो पडू लागले. २५ एप्रिल हा इटलीत फॅसिझमपासूनच्या मुक्तीचा दिवस. नेमक्या त्या दिवशी शहराच्या वेशीवर तपासनीस उभे राहिले आणि 'हे शहर आहे, संग्रहालय नव्हे' असे म्हणत रहिवाशांनी निदर्शने केली.

त्यांचे म्हणणे रास्त होते. या शुल्काने येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा पडत नाही, एकही घर रहिवाशाला परत मिळत नाही. हजारो रुपये खर्चून दूरदेशी आलेला प्रवासी पाच-दहा युरोंसाठी माघारी फिरत नाही. शेजारच्या प्रांतातून सहकुटुंब येणारा कामगार मात्र विचारात पडतो. आणि ज्यांच्या मिळकतीचा प्रश्न मुळाशी आहे, ते घरमालक या उपायाने अबाधित राहतात. रोग घरांचा, औषध मात्र वेशीवर!

मग जाऊच नये काय?

असा एक सोवळा पक्ष आहे की अशा शहरात पाऊलच टाकू नये. तो स्वीकारण्याचे कारण नाही. जग पाहण्याची इच्छा ही श्रीमंतांची मिरासदारी नव्हे. पगारी रजेसाठी कामगारांनी लढे दिले ते काय घरात बसून राहण्यासाठी? प्रश्न जाण्याचा नसून जाण्याच्या रीतीचा आहे.

जो जाईल त्याने सात देशांतले चार वगळावेत आणि व्हेनिसला निदान तीन रात्री द्याव्यात. उतरावे ते रीतसर हॉटेलात, रहिवाशाला बाहेर काढून रिकाम्या केलेल्या घरात नव्हे. सान मार्को पहाटे पाहावे आणि दिवस कास्तेल्लो, कान्नारेजो, जुदेक्का येथील गल्ल्यांत काढावा, जेथे अजून दोरीवर कपडे वाळतात. आर्सेनालेच्या भिंतीलगत चालावे, घेट्टोतील उंच घरे पाहावीत, म्हणजे जागेची टंचाई माणसाला काय करावयास लावते ते कळेल. मोठा कालवा ओलांडण्यासाठी रहिवासी वापरतात ती साधी होडी वापरावी. सकाळी रिआल्तोच्या बाजारातून भाजी-फळे घ्यावीत. याने भेट समृद्ध होईल आणि पैसाही अधिक हातांत जाईल.

परंतु व्यक्तीच्या सद्वर्तनाने व्यवस्था बदलत नाही, हे समाजवादी कार्यकर्त्याला निराळे सांगावयास नको. व्हेनिसमध्ये जे थोडे बदलले ते संघटित लोकांनी बदलले. अजस्र प्रवासी जहाजांविरुद्ध रहिवाशांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले, २०१७ मध्ये स्वतःच्या बळावर जनमत घेतले आणि त्यात सुमारे १८,००० लोकांनी भाग घेतला. २ जून २०१९ रोजी असेच एक जहाज धक्क्यावर व एका पर्यटक बोटीवर आदळले. अखेर १ ऑगस्ट २०२१ पासून सान मार्कोसमोरून मोठी जहाजे नेण्यास बंदी झाली. पोवेल्या बेट २०१४ मध्ये सरकारने लिलावास काढले, तेव्हा नागरिकांनी प्रत्येकी ९९ युरो जमवून बोली लावली. त्यांच्याहून चढी बोली लावणारा उद्योगपती पुढच्याच वर्षी महापौर झाला. तरी बेट त्यालाही मिळाले नाही. नागरिक हटले नाहीत आणि २०२५ मध्ये त्या बेटाचा एक भाग सार्वजनिक वापरासाठी सहा वर्षांच्या कराराने त्यांच्या संस्थेकडे आला.

पुढची मागणीही स्पष्ट आहे. रोजच्या भाड्याने देण्याच्या घरांवर कडक मर्यादा, सार्वजनिक मालकीच्या रिकाम्या घरांची दुरुस्ती करून ती काम करणाऱ्यांना परवडणाऱ्या भाड्याने देणे आणि वाढीव खंडावर कर. व्हेनिसचे रहिवासी यासाठी झगडत आहेत आणि त्यांच्याकडे पाहुणा म्हणून जाणाऱ्याने निदान त्यांची बाजू समजून घेतली पाहिजे. गोव्यात वा सिंधुदुर्गात पर्यटनाचा कोणताही नवा प्रकल्प मांडला जाईल, तेव्हा किती प्रवासी येतील हा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असेल. दहा वर्षांनी तेथे किती स्थानिक कुटुंबे राहत असतील, हा आकडा कार्यकर्त्यांनी मागून घ्यावा आणि तो मिळेपर्यंत संमती देऊ नये.