फुगलेला चिवडा

घरात दिवाळीचा चिवडा परतायला घेतला, की हल्ली मला आमची लेहची सहल आठवते. त्याची कथा अशी:

निघताना आमच्या हिने पुण्यात चिवड्याची पाकिटे घेतली, तेव्हा ती चांगली चपटी होती. विमानाने लेहला उतरलो, हॉटेलात पिशवी उघडली, तो काय! एकूणएक पाकीट टम्म फुगलेले.

"नासला वाटतं चिवडा!" ही म्हणाली.

शास्त्राचा पदवीधर नवरा संसारात क्वचितच उपयोगी पडतो. मी संधी सोडली नाही. म्हटले, "अगं, दिवाळीच्या साफसफाईत आपण गाद्यांची चवड रचतो ना? सगळ्यांत खालची गादी चेपते, वरची फुगीर राहते. हवेचं तसंच. समुद्रकाठी दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो हवेचा भार असतो. लेह ३,५०० मीटर उंच; इथं तो दोन-तृतीयांशच उरतो. बाहेरचा दाब घटला, म्हणून पाकिटातली हवा पसरली."

आमचे अण्णा, वय वर्षे पंचाहत्तर, कौतुकाने हसले आणि चहा न घेताच आडवे झाले. प्रवासाचा शीण असेल, असे समजून मी दुसऱ्या दिवशी खारदुंगच्या खिंडीला जायची मोटारही ठरवून आलो. ती खिंड ५,३०० मीटरांहून उंच. तिथे दाब जवळजवळ निम्माच!

रात्री अण्णांचे डोके ठणकू लागले. मळमळ सुरू झाली, दोन पावलांत धाप लागू लागली. डॉक्टर आले. त्यांनी प्राणवायू लावला आणि मला समजावले, "हवेत प्राणवायू इथेही शंभरात एकवीस भागच आहे. पण हवाच विरळ, म्हणून दर श्वासात तो कमी मिळतो. शरीराला सवय व्हायला काही दिवस लागतात. पूर्ण बरे वाटेपर्यंत वर चढायचे नाही. त्रास वाढला, तर ताबडतोब खाली न्यायचे."

मी मोटार रद्द केली. ती रात्र आम्ही दोघांनी अण्णांचा श्वास ऐकत काढली.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी आपणहून चहा मागितला, वर चिवडाही. पाकीट कापताच फुस्स आवाज झाला.

ही हळूच म्हणाली, "पाकिटाचं तुम्हाला बघताक्षणी कळलं. अण्णांचं नाही कळलं."

वाचकहो, शास्त्राच्या पदवीधराजवळ याला उत्तर नव्हते. मी मुकाट्याने अण्णांच्या बशीत चिवडा वाढला.