उर्से नाक्यावरची अर्धी नोंद

द्रुतगती मार्गाने पुण्याहून मुंबईकडे जाणारी वाहने मावळातील उर्से येथील पथकर नाका ओलांडून बोरघाटाकडे जातात. चाकण, तळेगाव परिसरातील कारखान्यांचे न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर आणि मुंबईच्या दुकानांत पोहोचणारा मालही त्यांत असतो. मात्र घाटात एखादा अवजड ट्रक बंद पडला, की हा सारा प्रवाह थांबतो आणि त्याची झळ शहरातील ग्राहकापर्यंत पोहोचते.

अशा कोंडीवर उपाय म्हणून ‘डिजिटल ट्विन’ या तंत्राची चर्चा होत आहे. रस्ते, वाहने आणि गोदामे यांची ही संगणकातील जिवंत प्रतिकृती. प्रत्यक्ष रस्त्यावरील बदल तिच्यात सतत उमटत राहतात. त्यामुळे एखादा निर्णय अमलात आणण्यापूर्वी त्याचा परिणाम पडताळून पाहता येतो. सिंगापूरने संपूर्ण शहराच्या अशा प्रतिकृतीचे काम २०१४ मध्येच हाती घेतले होते. भारतात केंद्रीय दूरसंचार विभागाने २०२४ मध्ये ‘संगम’ हा उपक्रम जाहीर केला.

उर्से येथे आवश्यक माहितीचा तुटवडा नाही. द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची स्वयंचलित यंत्रणा आहे. राज्याने १ एप्रिल २०२५ पासून पथकर नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा केला. गाडीत कोणता माल आहे व तो कोठे जाणार, हे ई-वे बिलात नमूद असते. २०२१ मध्ये फास्टॅगची ई-वे बिलाशी सांगडही घातली गेली. परंतु ती करचुकवेगिरी रोखण्यासाठी, वाहतुकीच्या नियोजनासाठी नव्हे. बंदरात कंटेनर स्वीकारण्याची मुदत आणि शहरांतील जड वाहनांच्या प्रवेशबंदीचे तास यांच्या नोंदी वेगळ्याच यंत्रणांकडे असतात. नाक्यावरची नोंद अर्धी राहते ती यामुळे.

१३ जून २०२३ रोजी लोणावळ्याजवळील कुणे पुलावर ज्वलनशील रसायनाचा टँकर उलटून पेटला. चौघांचा मृत्यू झाला आणि वाहतूक कित्येक तास ठप्प झाली. प्रतिकृतीने असा अपघात टळेलच, असे नाही. मात्र मागून येणारे ट्रक घाटात अडकण्यापूर्वीच कोठे थांबवावेत, बंदराची मुदत जवळ आलेल्या कोणत्या गाड्या आधी सोडाव्यात, हे ती सांगू शकते.

परंतु थांबवलेले ट्रक उभे कोठे करायचे? नाक्यावरच थांबवले तर तेथेच नवी कोंडी होईल. प्रशस्त वाहनतळ, चालकांसाठी पाणी, स्वच्छतागृह आणि विश्रांतीची सोय संगणक निर्माण करू शकत नाही. शिवाय एक-दोन ट्रकच्या मालकाला ही माहिती मिळणार नसेल, तर तिचा लाभ मोठ्या कंपन्यांपुरताच राहील. म्हणूनच प्रतिकृतीवर खर्च करण्याआधी विखुरलेल्या नोंदी एकत्र आणणे आणि ट्रकला थांबायला हक्काची जागा देणे अगत्याचे आहे. अन्यथा आज रस्त्यावर दिसणारी कोंडी उद्या पडद्यावरही दिसेल, एवढाच काय तो फरक पडेल.